कपाटावर पडलेल्या लॅपटॉपवर लिनक्स: पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी

14 ऑक्टोबर 2025 ला मायक्रोसॉफ्टनं विंडोज 10 चा नेहमीचा सपोर्ट संपवला. विंडोज 11 ला टीपीएम 2.0 ही सुरक्षेची चिप लागते आणि प्रोसेसर इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीचा किंवा पुढचा लागतो. म्हणजे 2017 च्या आधी घेतलेले बहुतेक लॅपटॉप बाद. मुलीच्या डिप्लोमाला घेतलेला, मग लॉकडाऊनमध्ये धाकट्याच्या ऑनलाइन शाळेला वापरलेला, आणि आता गोदरेजच्या कपाटावर बॅगेत पडून असलेला लॅपटॉप मुंबईत घराघरात सापडेल. एक्सचेंजमध्ये त्याचे जे पैसे मिळतात ते ऐकून चार्जरसुद्धा द्यावासा वाटत नाही. त्यात आय-3 किंवा आय-5 असेल आणि 4 जीबी रॅम असेल, तर लिनक्स, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी मोफत ऑपरेटिंग सिस्टिम, टाकून तो आणखी काही वर्षं आरामात चालेल.

लिनक्स टाकणं म्हणजे काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं टाइप करणं, हा समज जुना झाला. प्रत्यक्ष इन्स्टॉलेशन अर्ध्या तासाच्या आत आटपतं, तेही माउसनं. वेळ लागतो तो आधीच्या तयारीला, आणि लोक फसतात तेही तिथेच. म्हणून या लेखात तयारीवर जास्त जागा खर्च केली आहे.

आधी ठरवा, विंडोज सुटणार का

ब्राउझर, व्हॉट्सअ‍ॅप वेब, ईमेल, यूट्यूब, नेट बँकिंग, अकरावीच्या प्रवेशाचे ऑनलाइन फॉर्म, डिजिलॉकर, साधं पत्रलेखन आणि हिशेबाच्या शीट एवढंच काम असेल तर बिनधास्त पुढे जा. यातलं जवळजवळ सगळं ब्राउझरमध्ये चालतं आणि बाकीच्यासाठी लिब्रेऑफिस आहे.

टॅलीवर दुकानाचे हिशेब असतील, सही करायला डिजिटल सिग्नेचरचं टोकन लागत असेल, ऑटोकॅड, कोरलड्रॉ किंवा मॅक्रोवाल्या एक्सेल शीट असतील, तर तो लॅपटॉप विंडोजवरच राहू द्या. जुगाड करून यातलं काही काही लिनक्सवर चालवता येतं, पण नवख्या माणसानं त्या वाटेला जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

मराठी माणसासाठी आणखी एक अडचण म्हणजे श्रीलिपी किंवा तसल्या जुन्या पद्धतीच्या फॉन्टमधली कागदपत्रं. मंडळाच्या अहवालापासून लग्नपत्रिकेपर्यंत किती तरी मजकूर त्यात अडकलेला असतो. तो फॉन्ट नसेल तिथे ही फाइल उघडली की नुसती अगम्य अक्षरं दिसतात. अशा फायली विंडोज चालू आहे तोवर युनिकोडमध्ये बदलून घ्या, निदान पीडीएफ तरी करून ठेवा. मंगल किंवा कोकिळा फॉन्टमधला मजकूर युनिकोडच असतो. तो लिनक्सवर नीट वाचता येतो, फक्त फॉन्ट बदलल्यामुळे पानं थोडी वरखाली होतात.

लॅपटॉप खाली काढा, पुसा, बघा

चालू करण्याआधी लॅपटॉप सपाट टेबलावर ठेवा. तो डगमगत असेल किंवा टचपॅड वर उचलल्यासारखा दिसत असेल तर आतली बॅटरी फुगली आहे. अशी बॅटरी चार्ज करू नका. दुरुस्तीवाल्याकडून ती काढून घ्या आणि ई-कचऱ्यात द्या. घरातल्या ओल्या-सुक्या कचऱ्याच्या डब्यात ती टाकायची नाही. बॅटरीशिवाय नुसत्या चार्जरवर चालणारे लॅपटॉप बरेच आहेत.

चार पावसाळे कपाटावर काढलेल्या मशीनच्या पंख्यात धूळ आणि ओल यांचा थर बसलेला असतो. चालू केल्यावर पंखा घरघरत असेल तर आधी साफ करून घ्या, नाहीतर तापून बंद पडेल आणि दोष लिनक्सच्या माथी येईल.

विंडोज सुरू होत असेल तर स्टार्टमध्ये जाऊन ‘सिस्टिम इन्फर्मेशन’ शोधा. एकाच खिडकीत प्रोसेसर, रॅम, मशीन 64 बिट आहे की नाही आणि बायोस मोड (म्हणजे मशीन सुरू होण्याची पद्धत) जुना ‘लेगसी’ आहे की नवा ‘यूईएफआय’, हे सगळं दिसतं. मोबाइलवर त्याचा फोटो काढून ठेवा, पुढे लागेल. घड्याळात 2012 सालची तारीख दिसली तर मदरबोर्डवरचा बटण सेल संपलाय. बहुतेक मशीनमध्ये तो सीआर 2032 असतो. चुकीच्या तारखेमुळे ब्राउझर प्रत्येक वेबसाइटवर सुरक्षेची तक्रार करतो.

मग बॅकअप. फोटो, दहावी-बारावीच्या मार्कशीटचे स्कॅन, आणि ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड. हे शेवटचं हमखास विसरलं जातं. डेस्कटॉप आणि डाउनलोड ही दोन फोल्डरं उघडून स्वतः डोळ्यांनी बघा, अर्धं घर तिथेच असतं.

कोणतं लिनक्स घ्यायचं

लिनक्सच्या आवृत्त्या शेकड्यांनी आहेत आणि कोणती चांगली यावर रात्र रात्र वाद घालणारी माणसंही तितकीच आहेत. तुम्ही त्यात पडू नका. लिनक्स मिंट घ्या. खाली डावीकडे मेन्यू, उजवीकडे घड्याळ आणि वायफाय, अशी मांडणी असल्यामुळे एमएससीआयटी करून थांबलेल्या माणसालाही त्यात परकं वाटत नाही. मिंटची 22 ही मालिका उबुंटू 24.04 वर उभी आहे आणि तिला 2029 पर्यंत अपडेट मिळणार आहेत.

मिंट तीन रूपांत मिळतं. रॅम 8 जीबी असेल तर सिनॅमन घ्या, ते दिसायला देखणं आहे. 4 जीबी असेल तर एक्सएफसीई. तिसरं मेट, ते या दोघांच्या मधलं. रॅम फक्त 2 जीबी असेल तर मिंट सुरू होईल, पण ब्राउझरमध्ये चार टॅब उघडले की धापा टाकेल. रॅम खरी खातो तो ब्राउझर, त्यामुळे अशा मशीनमध्ये जमल्यास रॅम वाढवा, नाहीतर अँटीएक्ससारखं हलकं लिनक्स बघा. जुने अ‍ॅटम प्रोसेसरवाले 32 बिट नेटबुक मात्र सोडून द्या. मिंटची मुख्य आवृत्ती 2020 पासून फक्त 64 बिटसाठीच निघते.

पेन ड्राइव्ह तयार करणं

8 जीबीचा पेन ड्राइव्ह पुरतो. त्यातलं सगळं पुसलं जाणार आहे, तेव्हा रिकामाच घ्या. मिंटच्या अधिकृत वेबसाइटवरून आयएसओ फाइल उतरवा, अख्खं मिंट या एकाच फायलीत असतं. ती सुमारे 3 जीबीची असते, म्हणून शक्यतो घरच्या ब्रॉडबँडवरून घ्या. लोकलमध्ये बसून मोबाइल डेटावर घ्याल तर एखाद्या बोगद्यात अर्धवट राहील.

ही फाइल पेन ड्राइव्हवर चढवायला विंडोजवर रुफस नावाचा छोटा मोफत प्रोग्रॅम घ्या. तो उघडून पेन ड्राइव्ह आणि आयएसओ निवडा. आयएसओ निवडल्यावर शेजारी बरोबरच्या खुणेचं एक बारीक बटण दिसतं. ते दाबलं की फाइलचा शा-256 आकडा, म्हणजे तिच्या बोटाचा ठसाच म्हणा, निघतो. मिंटच्या वेबसाइटवर दिलेल्या आकड्याशी तो जुळला म्हणजे फाइल धड उतरली आणि कोणी त्यात भेसळ केलेली नाही. हे दोन मिनिटांचं काम टाळू नका. ‘इन्स्टॉलर अर्ध्यात अडकतो’ या तक्रारीमागे पुष्कळदा अर्धवट उतरलेली फाइलच असते.

पार्टिशन स्कीम एमबीआर ठेवली तर पेन ड्राइव्ह जुन्या लेगसी आणि नव्या यूईएफआय, दोन्ही प्रकारच्या मशीनवर चालतो. बाकी सगळं रुफस सुचवतो तसंच राहू द्या, स्टार्ट दाबा आणि चहा घेऊन या.

पेन ड्राइव्हवरून लॅपटॉप सुरू करणं

पेन ड्राइव्ह लावून लॅपटॉप बंद करा. शिफ्ट दाबून धरत ‘शट डाउन’ करा, कारण विंडोजचं फास्ट स्टार्टअप चालू असेल तर नुसतं शट डाउन म्हणजे अर्धी झोपच असते. पॉवर बटण दाबल्याबरोबर बूट मेन्यूचं बटण टकटक दाबत राहा. डेल आणि लेनोवोला एफ-12, एचपीला एस्केप आणि मग एफ-9, आसुसला एस्केप. एसरला एफ-12 असतं, पण ते बरेचदा बंद ठेवलेलं असतं. एफ-2 नं बायोसमध्ये जाऊन ‘एफ-12 बूट मेन्यू’ आधी चालू करावं लागतं. काही लेनोवोंना बाजूला टाचणीएवढं भोक असतं. लॅपटॉप बंद असताना त्यात पिन टोचली की मेन्यू येतो.

यादीतून पेन ड्राइव्ह निवडला की मिंटचा मेन्यू दिसेल. पहिलाच पर्याय घ्या. पडदा काळा पडून तसाच राहिला तर पुन्हा सुरू करून ‘कम्पॅटिबिलिटी मोड’ निवडा. एनव्हीडियाचं जुनं ग्राफिक्स कार्ड असलेल्या मशीनवर हे लागू शकतं.

आता काहीही इन्स्टॉल करू नका

डेस्कटॉप आला म्हणजे लिनक्स पेन ड्राइव्हवरून चालतंय. तुमच्या हार्ड डिस्कला अजून हातही लागलेला नाही. याला लाइव्ह सेशन म्हणतात आणि नवख्या माणसासाठी लिनक्समधली सगळ्यात मोठी सोय हीच आहे. घर भाड्यानं घेण्याआधी नळाला पाणी किती वाजता येतं ते आपण विचारतोच, तसं इथे मशीनला विचारून घ्यायचं.

वायफाय जोडा. फायरफॉक्समध्ये यूट्यूब लावून आवाज ऐका. टचपॅडवर दोन बोटांनी पान सरकवा, ब्राइटनेसची बटणं दाबा, कॅमेरा उघडा. झाकण लावून मिनिटभरानं उघडा आणि मशीन जागं होतंय का ते बघा. वेगाचा न्याय मात्र इथे करू नका, पेन ड्राइव्हवरून सगळं हळूच चालणार.

जास्त करून अडतं ते वायफाय, तेही ब्रॉडकॉमची चिप असलेल्या जुन्या मशीनवर. घाबरू नका. अँड्रॉइड फोन यूएसबी केबलनं जोडा आणि फोनच्या सेटिंगमध्ये ‘यूएसबी टेदरिंग’ चालू करा, इंटरनेट लगेच येतं. मग मेन्यूमधून ‘ड्रायव्हर मॅनेजर’ उघडला की तो स्वतःच हवा तो ड्रायव्हर सुचवतो.

एसएसडी: खर्च करायचाच तर इथे

लाइव्ह सेशनमध्ये सगळं ठीक चाललं, तरच खिशात हात घाला. 2012 ते 2017 च्या बहुतेक लॅपटॉपमध्ये फिरणारी हार्ड डिस्क आहे आणि मशीन रखडण्याचं मोठं कारण तीच असते. तिच्या जागी 2.5 इंची साटा एसएसडी, म्हणजे फिरणारा भाग नसलेली वेगवान डिस्क, बसवली तर जो फरक पडतो तो नुसतं लिनक्स टाकून पडत नाही. 240 किंवा 256 जीबीची एसएसडी घरच्या वापराला भरपूर झाली.

दुसरा फायदा मला वेगापेक्षाही मोठा वाटतो. विंडोज असलेली जुनी डिस्क जशीच्या तशी काढून बाजूला ठेवता येते. लिनक्स नवीन, कोऱ्या एसएसडीवर जातं. काहीही बिघडलं, मन बदललं, एखादी फाइल राहिली, तर जुनी डिस्क पुन्हा बसवा, विंडोज जसं होतं तसं हजर. एकाच डिस्कवर दोन्ही ठेवण्याच्या खटाटोपापेक्षा नवख्यानं हाच रस्ता धरावा.

खरेदीला लॅमिंग्टन रोड आहेच. पाट्यांवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग लिहिलेलं असेल, विचारताना लॅमिंग्टनच म्हणा. ग्रँट रोडला पूर्वेला उतरलात की चालत जाता येतं. रविवारी बरीच दुकानं बंद असतात, शनिवारी दुपारी गर्दी. दोन-तीन दुकानांत भाव विचारा, पक्कं बिल आणि वॉरंटी घ्या. रॅमही वाढवणार असाल तर जुनी पट्टी काढून सोबतच न्या किंवा तिच्यावरच्या लेबलचा फोटो दाखवा. डीडीआर-3 आणि डीडीआर-3 एल दिसायला सारख्याच, पण दुसरी कमी व्होल्टेजची असते आणि काही मशीनना तीच लागते.

डिस्क बदलणं घरीही जमतं. चार्जर काढा, बॅटरी निघत असेल तर काढा. मागचे स्क्रू एका कागदावर ज्या जागेचे त्या जागी ठेवत जा, कारण त्यांची लांबी वेगवेगळी असते आणि लांब स्क्रू छोट्याच्या जागी पिळला तर तो थेट कीबोर्डच्या खालून वर डोकावतो. डिस्क एका पत्र्याच्या चौकटीत बसवलेली असते. ती चौकट सोडवून नव्या एसएसडीला लावा आणि सरळ रेषेत कनेक्टरमध्ये सरकवा. जोर लावायची गरज पडली तर काहीतरी तिरकं आहे असं समजा. काही मॉडेलमध्ये डिस्कपर्यंत पोचायला अख्खा कीबोर्ड काढावा लागतो. तसं असेल तर दुकानदारालाच बसवून द्यायला सांगा.

प्रत्यक्ष इन्स्टॉलेशन

पुन्हा पेन ड्राइव्हवरून सुरू करा, इंटरनेट जोडा आणि डेस्कटॉपवरचं ‘इन्स्टॉल लिनक्स मिंट’ उघडा. मुंबईत लाइट जाण्याची फारशी धास्ती नाही, पण जुन्या चार्जरची पिन ढिली असते आणि बॅटरी मेलेली. लॅपटॉप हलणार नाही अशा जागी ठेवा.

भाषा मराठीही निवडता येते. मी सुरुवातीला इंग्रजी ठेवायला सांगतो, कारण एखादी अडचण शोधताना मिळणारी उत्तरं इंग्रजी मेन्यूंवर बेतलेली असतात. कीबोर्ड इंग्लिश यूएस. मल्टिमीडिया कोडेकवर टिक करा, म्हणजे गाणी आणि व्हिडिओ विनातक्रार चालतील. या टप्प्यावर सिक्युअर बूटसाठी (मशीन सुरू होतानाची सुरक्षा तपासणी) पासवर्ड ठरवायला सांगितलं तर तो लिहून ठेवा. पुढच्या वेळी मशीन सुरू होताना निळा पडदा येईल, तिथे ‘एनरोल एमओके’ निवडून तोच पासवर्ड द्यायचा असतो.

मग येतो तो एकमेव धोकादायक पडदा: डिस्कचं काय करायचं. कोरी एसएसडी बसवली असेल तर ‘इरेज डिस्क अँड इन्स्टॉल’ निवडा आणि पुढे चला. जुन्याच डिस्कवर टाकत असाल तर याच पर्यायानं विंडोज आणि सगळा डेटा कायमचा जातो, म्हणून बॅकअप दुसऱ्या मशीनवर उघडून पाहिल्याशिवाय तो दाबू नका. विंडोज ठेवूनच लिनक्स हवं असेल तर ‘इन्स्टॉल अलाँगसाइड’ आहे. त्याआधी विंडोजमध्ये फास्ट स्टार्टअप आणि बिटलॉकर (डिस्कला लावलेलं विंडोजचं कुलूप) बंद करा आणि डिस्क मॅनेजमेंटमधून 50-60 जीबी जागा मोकळी करा. असं दुहेरी ठेवल्यावर कधी कधी विंडोजचं घड्याळ साडेपाच तास मागे दिसतं. लिनक्स मशीनच्या घड्याळात ग्रीनिचची वेळ ठेवतं आणि विंडोज तीच स्थानिक समजतं, म्हणून.

इन्स्टॉलरला डिस्कच दिसत नसेल तर बायोसमध्ये जाऊन साटा मोड ‘रेड’ किंवा ‘आरएसटी’ असेल तो ‘एएचसीआय’ करा. विंडोज ठेवणार असाल तर मात्र हे जाणकाराला विचारूनच, नाहीतर विंडोज सुरू व्हायचं थांबेल.

पुढे नकाशा येतो. मुंबईवर नेमकं क्लिक केलंत तरी वर कोलकाताच लिहून येईल. भारताच्या वेळेचं नाव संगणकाच्या जगात तेच आहे, तेव्हा सोडून द्या. नाव, पासवर्ड, आणि झालं. शेवटी सांगेल तेव्हाच पेन ड्राइव्ह काढा आणि एंटर दाबा.

पहिल्या संध्याकाळी

मिंटमधला टाइमशिफ्ट हा प्रोग्रॅम उघडून एक स्नॅपशॉट घ्या. नंतर एखादं अपडेट बिघडलं तर त्या दिवसाच्या स्थितीवर परत जाता येतं. मात्र तो सिस्टिमचा असतो, तुमच्या फोटोंचा नाही. मग ‘अपडेट मॅनेजर’ चालवा. नवे प्रोग्रॅम ‘सॉफ्टवेअर मॅनेजर’मधूनच घ्या. वेबसाइटवरून सेटअपची फाइल उतरवून डबल क्लिक करायची विंडोजची सवय इथे सोडावी लागते. अँटिव्हायरस विकत घेण्याचीही गरज नाही.

मराठी टायपिंग

कीबोर्डच्या सेटिंगमध्ये ‘लेआउट’ या भागात मराठी जोडा. एन्हान्स्ड इन्स्क्रिप्ट आणि कागपा असे पर्याय दिसतील. इन्स्क्रिप्ट शिकलात तर विंडोज, मोबाइल, सरकारी ऑफिस, सगळीकडे तेच चालतं. ‘के’च्या बटणावर क, ‘डी’वर हलंत. शिफ्टसह ‘एन’ दाबलं की ळ मिळतो आणि शिफ्टसह ‘जे’ दाबलं की नुक्त्याचा ऱ, ज्याला हलंत आणि य जोडून ‘दऱ्या’ नीट लिहिता येतं. डाव्या हाताकडे स्वर, उजव्या हाताकडे व्यंजनं, हे एकदा बोटांत बसलं की वेग येतो.

रोमन अक्षरांत लिहून मराठी उमटवायची सवय असेल तर आयबस हा टायपिंगचा प्रोग्रॅम आणि त्याचं एम-17-एन हे पॅकेज सॉफ्टवेअर मॅनेजरमधून घ्या. त्यात मराठीसाठी आयट्रान्स आहे आणि गमभनही. बसवल्यावर एकदा लॉगआउट करून परत या, नाहीतर यादीत काही दिसत नाही. फॉन्टमध्ये नोटो असतोच. मुंबईच्याच एक टाइप या संस्थेचा मुक्त हा मोफत फॉन्टही पडद्यावर वाचायला छान आहे.

प्रिंटर आणि पुढची मदत

वायफायवाले नवे प्रिंटर आपोआप सापडतात, एचपीचे बहुतेक तर हमखास. सोसायटीच्या ऑफिसात आणि झेरॉक्सच्या दुकानात दिसणारा कॅनन एलबीपी 2900 मात्र कॅप्ट नावाच्या वेगळ्याच ड्रायव्हरवर चालतो आणि लिनक्सवर तो सरळ बसत नाही. घरी तोच असेल तर पीडीएफ फोनवर पाठवून दुसऱ्या मशीनवरून छापणं सोपं.

शिकायला आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाचे मोफत व्हिडिओ आहेत. लिनक्स आणि लिब्रेऑफिसचे धडे त्यात मराठी आवाजातही मिळतात. पडदे थोडे जुन्या आवृत्तीचे दिसतील, पण गाभा तोच आहे. कुठे अडलात आणि कोणाला विचारायचं झालं, तर ‘वायफाय चालत नाही’ एवढंच सांगू नका. मेन्यूमधलं ‘सिस्टिम रिपोर्ट्स’ (नव्या आवृत्तीत ‘सिस्टिम इन्फर्मेशन’) उघडा, तिथली सिस्टिमची माहिती कॉपी करा, पडद्यावर आलेला संदेश अक्षरशः उतरवा आणि दोन्ही एकत्र पाठवा.